स्मार्ट थर्मोस्टॅट सारखा बंद पडतोय? बदलण्याआधी तो कधी बंद पडतो ते बघा

नवं घर, डक्टेबल ए.सी. (फॉल्स सीलिंगमधल्या डक्टमधून खोल्यांना गार हवा देणारा), हॉलच्या भिंतीवर काळ्या काचेचा स्मार्ट थर्मोस्टॅट. फिटिंग माहितगार माणसानं केलेलं, बिल रीतसर, वॉरंटी चालू. तरी दर आठ-पंधरा दिवसांनी तोच फोन येतो: ‘स्क्रीन काळी झाली, ए.सी. बंद पडला.’ माणूस पोचेपर्यंत सगळं सुरळीत चालू झालेलं असतं. तो चार तारा काढून परत आवळतो, मोबाइलचं ॲप पुन्हा जोडून देतो आणि चहा पिऊन जातो. असं दोन-तीनदा झालं की थर्मोस्टॅटच बदलून मिळतो. मग नवाही तसाच वागायला लागतो.

संभाजीनगरला बीड बायपासच्या बाजूनं, लातूरला, नांदेडला असे बंगले आता पुष्कळ झालेत आणि ही तक्रार सगळीकडे सारखीच आहे. फिटिंगच्या धंद्यात राहून माझं मत असं झालंय की अशा केसमध्ये थर्मोस्टॅट स्वतः क्वचितच बिघडलेला असतो. तो फक्त विजेवर चालणारा निरोप्या आहे, आणि त्याची वीज मागून कुठून तरी तुटते. कुठून तुटते हे शोधायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे ती कधी तुटते ते लिहून ठेवणं. फ्रीजवर एक कागद लावा. स्क्रीन गेली की वेळ लिहा. ए.सी. किती वेळापासून चालू होता, बाहेर पाऊस होता का, तेवढ्यात लाईट येऊन-जाऊन झाली का, स्टॅबिलायझरवर किती आकडा होता, एवढंच टिपा. घरातल्या बायकांना हे बहुतेक वेळा न लिहिताही माहीत असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. लातूरच्या एका घरी आम्ही मीटर काढून बसलो होतो आणि आजी आतून म्हणाल्या, “झिमझिम लागली की ह्ये बंद पडायलंय बगा.” अर्धं काम तिथंच झालं. ते कसं, ते पुढे येईल.

भिंतीवर नेमकं काय आहे?

एकाच नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या वस्तू भिंतीवर दिसतात. एकीचा इलाज दुसरीला केला तर ती जळते, म्हणून हे आधी.

पहिला प्रकार २४ व्होल्टचा. अमेरिकेत घरोघरी हाच असतो. पोरं तिकडून येताना नेस्ट नाहीतर इकोबी या नावाचा थर्मोस्टॅट घेऊन येतात, तो हा. मागे बारीक रंगीत तारांचा जुडगा आणि आर, सी, वाय, जी अशी अक्षरं. आर ही मशीनमधल्या, २३० चे २४ व्होल्ट करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडून येणारी तार, सी परतीची, वाय कंप्रेसरला हुकूम देणारी, जी फॅनला. रंगांवर भरवसा ठेवू नका. तिकडच्या रिवाजात आर लाल आणि वाय पिवळी असते. आपला वायरमन हाताला लागेल तो रंग लावतो. अक्षर बघा, आणि ती तार दुसऱ्या टोकाला कुठल्या स्क्रूखाली गेलीय ते बघा.

दुसरा २३० व्होल्टचा. मागे जाड तारा, एल आणि एन, शिवाय फॅनच्या तीन वेगांच्या वेगळ्या तारा. हा सरळ घरच्या विजेवर चालतो.

तिसऱ्याच्या मागे फक्त दोन बारीक तारा असतात. व्हीआरएफ (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणारं मशीन) आणि बऱ्याच इन्व्हर्टर डक्टेबल मशीनचा वायर्ड रिमोट असा असतो. त्या तारांवरून वीज आणि माहिती दोन्ही जातात आणि ती भाषा त्या कंपनीपुरतीच असते. तिथं अमेरिकेचा थर्मोस्टॅट जोडता येत नाही. कुणी जोडून दिला असेल आणि कधी चालतो, कधी नाही अशी अवस्था असेल, तर पुढचं वाचू नका. तो काढा आणि त्याच कंपनीचा वायफायवाला रिमोट किंवा गेटवे (मशीन इंटरनेटला जोडणारा डबा) घ्या. साध्या भिंतीवरच्या स्प्लिट ए.सी.लाही थर्मोस्टॅट जोडायला जागा नसते. तिथं रिमोटसारखा इन्फ्रारेड सोडणारा डबा लागतो.

प्लेट काढण्याआधी एमसीबी बंद करा. घरात बॅटरीवरचा इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन खाली केल्यावरही त्याच बोर्डात इन्व्हर्टरची लाइन जिवंत असू शकते. टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. हे जमत नसेल तर कागदावरच्या नोंदी घेऊन वायरमनला बोलवा. नोंदी हातात असल्या तर त्याचाही वेळ वाचतो आणि तुमचेही पैसे.

संध्याकाळी सात ते दहा

कागदावर बहुतेक वेळा संध्याकाळच्या दिसल्या तर व्होल्टेज बघा. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचे ए.सी. आणि कूलर एकदम चालतात. शहराच्या कडेच्या प्लॉटिंगमध्ये, लाइनीच्या टोकाला, २३० च्या जागी १८० दिसणं आपल्याकडे नवलाचं नाही. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर हा काही स्टॅबिलायझर नव्हे. त्याला २३० मिळाले तर तो २४ देतो, १८० मिळाले तर १८.८, १७० मिळाले तर १७.७. अशा कंट्रोलची सहनशक्ती साधारण १८ च्या आसपास संपते. म्हणजे आपण काठावर उभे. तेवढ्यात कंप्रेसर सुरू होताना क्षणभर आणखी ओढ बसते, स्क्रीन विझते, थर्मोस्टॅट पहिल्यापासून सुरू होतो, पुन्हा कंप्रेसरला हुकूम देतो, पुन्हा विझतो. बाहेरच्या युनिटमधून काँटॅक्टरची (कंप्रेसरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची) टरटर ऐकू आली तर हाच प्रकार. त्या टरटरीत काँटॅक्टरचे पॉइंट जळतात आणि महिन्याभरात तक्रारीचं नाव बदलतं: ‘आता थर्मोस्टॅट चालू आहे पण कंप्रेसर लागत नाही.’

‘आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे’ असं सगळे सांगतात, आणि ते खोटं नसतं. पण तो कुणाला लावलाय? बहुतेक ठिकाणी मोठा स्टॅबिलायझर गच्चीवरच्या आउटडोअरला असतो. फॉल्स सीलिंगमधला इनडोअर आणि त्यातला छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर वेगळ्या एमसीबीवरून थेट वीज घेतो. नवीन घरात दोन्हींच्या लाइन वेगळ्या टाकलेल्या असल्यानं हे कुणाच्या लक्षात येत नाही. कंट्रोलची लाइन स्टॅबिलायझरच्या आउटपुटवरून घेतली की बऱ्याच घरांचा प्रश्न तिथंच संपतो.

मोजायचं ते संध्याकाळीच मोजायचं. सकाळी अकराला येऊन ‘चोवीस येतायत, सगळं ओके’ म्हणणाऱ्या माणसाच्या रीडिंगला अर्थ नाही. आर आणि सी यांच्यात मीटर एसीवर ठेवून एकदा ए.सी. बंद असताना आणि एकदा कंप्रेसर लागतानाच्या क्षणी आकडा घ्या. दोन्हींत दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक पडत असेल तर व्होल्टेजखेरीज आणखी काही तरी आहे: एकतर जोड सैल आहे, किंवा ट्रान्सफॉर्मरवर झेपेना इतकं ओझं टाकलंय. नेहमीचा ट्रान्सफॉर्मर ४० व्हीएचा असतो, म्हणजे २४ व्होल्टला जेमतेम १.७ ॲम्पियर. काँटॅक्टरची कॉइल आणि थर्मोस्टॅट एवढ्यापुरता तो पुरतो. नंतर कुणी स्मार्ट होमवाला येऊन प्रत्येक बेडरूमच्या डक्टमध्ये मोटरचे डँपर (हवा अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपा) बसवतो आणि त्यांची वीजही इथूनच घेतो. चारही खोल्यांचे डँपर एकदम हलले की स्क्रीन मिटते. डँपरला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर द्यायला हवा.

आणखी एक खुबी. बाहेरून आलेल्या काही इनडोअर युनिटच्या ट्रान्सफॉर्मरला आत येणाऱ्या बाजूनं २०८ आणि २४० अशी दोन टोकं असतात. जोड २४० वर असेल तर १८० व्होल्टला खाली १८ च मिळतात. तोच जोड २०८ वर घेतला तर २०.८ मिळतात. रात्री उशिरा व्होल्टेज २५० वर चढलं तरी २८.८ होतात, म्हणजे ३० च्या आतच. हे टेक्निशियननंच करायचं, आणि आधी त्या घरचं चोवीस तासांतलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त व्होल्टेज माहीत असायला हवं.

पावसाळा लागला की

आता आजींच्या झिमझिमीकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त थर्मोस्टॅट या एका कारणानं विनाकारण बदलले जातात.

मे महिन्यात आपली हवा कोरडी ठक्क असते. पारा ४२ ला गेलेला असला तरी इनडोअरच्या थंड कॉइलवर पाणी फारसं धरत नाही, ड्रेन पाइप जवळजवळ सुका असतो. मृग लागून हवेत ओल आली की तीच कॉइल धो धो पाणी टाकायला लागते. ते पाणी खालच्या ट्रेमध्ये जमून पाइपनं बाहेर जायला हवं. गेलं नाही तर फॉल्स सीलिंगमधून हॉलमध्ये सोफ्यावर पडेल, म्हणून ट्रेमध्ये एक फ्लोट स्विच असतो. पाणी वर चढलं, फ्लोट उचलला, की तो वीज तोडतो.

कुठली वीज तोडतो हाच प्रश्न आहे. पुष्कळ फिटिंगमध्ये हा स्विच आर तारेत घातलेला असतो. आर तुटली म्हणजे थर्मोस्टॅटची स्वतःचीच वीज गेली. स्क्रीन काळी. घरच्यांना वाटतं थर्मोस्टॅट मेला. मग पाऊण तासात ट्रेमधलं पाणी हळूहळू झिरपून खाली उतरतं, फ्लोट खाली बसतो, स्क्रीन आपोआप उजळते. बोलावलेला माणूस दारात येईपर्यंत सगळं चालू. तो काय शोधणार?

तपासायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ए.सी. चालू ठेवून फ्लोट हातानं वर उचला. स्क्रीन गेली तर तार सापडली. मग ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेरच्या टोकाला किती वेळात पडतं ते बघा. धार लागायला हवी. थेंब थेंब येत असेल तर पाइप तुंबलाय.

नवीन घरात तुंबायची कारणं जुन्या घरापेक्षा वेगळी असतात. जुन्या घरात शेवाळ आणि चिकट गाळ सापडतो. नवीन घरात पीओपीची भुकटी, पुट्टी, टाइल कापल्याची धूळ आणि कधी कधी चक्क सिमेंटचा गोळा निघतो, कारण ए.सी.चं पायपिंग आधी होतं आणि पीओपीवाला नंतर येतो, आणि मधल्या काळात पाइपच्या तोंडाला बूच कुणी लावत नाही. ढाळही नसतो. दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. फॉल्स सीलिंगमध्ये दोन क्लँपमध्ये पाइप पोट सोडून लोंबत असेल तर त्या पोटात पाणी बसून राहतं आणि गाळ तिथंच साचतो. तिसरं कारण ट्रॅपचं. ज्या मशीनमध्ये फॅन कॉइलमधून हवा ओढून घेतो तिथं ट्रेच्या जागी ओढ असते. ड्रेनला यू आकाराचा ट्रॅप नसेल तर पाइपमधून उलटी हवा आत येते आणि पाणी खाली जायलाच धजत नाही. अशा घरात ए.सी. बंद केल्याबरोबर भस्सकन पाणी निघतं. हे लक्षण दिसलं तर पाइप कितीही साफ करा, ट्रॅप बसवल्याशिवाय सुटका नाही.

आणि गच्चीवर किंवा बोळात उघडणाऱ्या पाइपचं तोंड बघा. कुंभारीण माशीला अर्ध्या इंचाचा सुका पाइप फार आवडतो. उन्हाळाभर पाणी आलं नाही की ती आत मातीचं घर करते आणि जूनमध्ये आपल्या हॉलमधला थर्मोस्टॅट काळा पडतो. तोंडाला बारीक जाळी लावा.

फ्लोट स्विच बायपास करून देणारे लोक आहेत. दोन तारा पिळल्या, टेप मारली, ‘आता कधीच बंद पडणार नाही.’ खरंय, बंद पडणार नाही. पण सीलिंग गळेल आणि पीओपीचा पत्रा एखाद्या रात्री खाली येईल. त्यापेक्षा तो स्विच आरऐवजी वाय तारेत घ्यायला सांगा, मशीनच्या सर्किटमध्ये तशी सोय असेल तर. मग पाणी भरलं की फक्त कंप्रेसर थांबतो, स्क्रीन चालू राहते, आणि ‘थंड होत नाही’ अशी सरळ तक्रार दिसते. बिघाड तोच, पण निदान कळतो तरी.

पावसाशी जुळणारी दुसरी गोष्ट म्हणजे गच्चीवरची तार. वाय आणि सी या तारा तांब्याच्या पाइपसोबत आउटडोअरपर्यंत जातात. वरची टेप आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत पापडासारखी होते, तारेचं आवरण तडकतं, उरलेलं खारी कुरतडतात. पहिल्या सरीत दोन तारा एकमेकींना लागतात आणि इनडोअरच्या कार्डावरचा (सर्किट बोर्डावरचा) ३ किंवा ५ ॲम्पियरचा फ्यूज जातो. तो मोटारीतल्या फ्यूजसारखा चपटा, रंगीत असतो. यात स्क्रीन आपोआप परत येत नाही, हा फ्लोटपेक्षा फरक. फ्यूज बदलला की चालू होतं, पुढच्या पावसात पुन्हा जातो. मोठ्या ॲम्पियरचा फ्यूज टाकू नका, ट्रान्सफॉर्मर जळेल. आउटडोअरपर्यंतची तार बदला आणि पीव्हीसी पाइपातून न्या.

लाईट गेली, लाईट आली

इथं आधी एक कागदाचं काम: थर्मोस्टॅटची वीज, राउटरची वीज आणि कंप्रेसरची वीज कुठून येते हे तीन ओळींत लिहा. इन्व्हर्टरवर कोण आणि मेनवर कोण? गोंधळ यातच असतो.

राउटर इन्व्हर्टरवर आणि थर्मोस्टॅट मेनवर असेल तर लाईट गेल्यावर स्क्रीन जाणं हा बिघाडच नाही. लाईट आल्यावर तो पुन्हा बंद अवस्थेत उठत असेल तर सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं असा पर्याय असतो. तिथं ‘शेवटच्या स्थितीत राहा’ निवडा. घड्याळ चुकून वेळापत्रक बिघडत असेल तर टाइम झोन बघा. अमेरिकेतून आलेला थर्मोस्टॅट तिकडच्याच वेळेला चिकटून राहिलेला मी पाहिलाय. फॅरनहाइटचं सेल्सिअसही त्याच पानावर होतं.

खरा घात उलट्या जोडणीत आहे. थर्मोस्टॅट कधी बंद पडू नये म्हणून कुणीतरी कंट्रोलची लाइन इन्व्हर्टरवर टाकतो. घरचे खूश. आता लाईट जाते, कंप्रेसर थांबतो, पण थर्मोस्टॅटला ते कळत नाही. त्याच्या हिशोबानं तो थंड करतोच आहे. वाय तार जिवंत, काँटॅक्टर चिकटलेला. अर्ध्या मिनिटात लाईट परत येते आणि कंप्रेसर तत्क्षणी सुरू व्हायला बघतो, जेव्हा गॅसचा दाब दोन्ही बाजूंनी सारखा झालेलाच नसतो. थर्मोस्टॅटमध्ये तीन ते पाच मिनिटं थांबायची सोय असते, पण ती त्यानं स्वतः कंप्रेसर बंद केला तरच लागू होते. इथं त्यानं बंद केलाच नव्हता. कंप्रेसर घरघरतो, त्याला वाचवणारा ओव्हरलोड स्विच उडतो, कधी एमसीबी पडते. लाईट आल्यावर एमसीबी पडते अशी तक्रार असेल तर ही जोडणी आधी तपासा. इलाज दोन: कंट्रोलची लाइन आउटडोअरच्याच फीडवर आणा, किंवा आउटडोअरला वीज आल्यावर काही मिनिटं थांबणारा टाइमर लावा. मी टाइमर लावतो. आपल्याकडे लाईट एकदा येऊन थांबत नाही. ती दोन-तीनदा येऊन-जाऊन मग स्थिर होते.

कधीही, कसाही बंद पडतो

कागदावर काहीच ताळमेळ दिसत नसेल तर तारा मोजा. २४ व्होल्टच्या थर्मोस्टॅटला सी तार जोडली आहे का? बिल्डरनं मोजक्याच तारांची केबल टाकली असेल तर ती सी बहुधा नसतेच. मग थर्मोस्टॅट काँटॅक्टरच्या कॉइलच्या वाटेनं थोडा थोडा करंट चोरून आपली बॅटरी भरतो. अमेरिकेतल्या काही मशीनवर हे बरं चालतं. आपल्या कमी व्होल्टेजवर आणि दिवसभर चालणाऱ्या ए.सी.वर ते बेभरवशाचं आहे. नेस्टमध्ये सेटिंगच्या तांत्रिक माहितीत बॅटरीचा आकडा दिसतो, ३.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर भूक लागलेली आहे असं समजा. केबलमध्ये एखादी तार वापराविना गुंडाळून ठेवलेली असेल तर तीच सीला जोडा. नसेल तर जुन्या केबलला बांधून नवी आठ तारांची केबल ओढून घ्या. पाइप दबलेला नसेल तर स्प्रिंग घालून काम होतं. तेही शक्य नसेल तर इकोबीसोबत येतो तसा वीज पुरवणारा जोडडबा इनडोअरपाशी बसवतात. वेगळा ॲडॉप्टर लावायचा असेल तर तो २४ व्होल्ट एसीचा हवा. सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट डीसीचा डबा लावून ‘वीज तर येतेय’ म्हणणारे भेटतात.

२३० व्होल्टच्या थर्मोस्टॅटमध्ये याचाच भाऊ म्हणजे नसलेला न्यूट्रल. स्विचच्या बॉक्समध्ये फक्त फेज आणलेला असतो, न्यूट्रल नसतो. वायरमन अर्थिंगची हिरवी तार न्यूट्रल म्हणून वापरतो. स्क्रीन लागते, काम झालं. पण थर्मोस्टॅटचा काही मिलिॲम्पियर करंट आता अर्थिंगमधून जातोय. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) त्याच्या अर्ध्यापासून पुढे कधीही पडू शकतो, त्यामुळे एकट्या थर्मोस्टॅटनं तो पडत नाही. बाथरूमचा गीझर किंवा बागेतला ओला दिवा त्यात आपली गळती मिळवतो आणि मग सगळं घर अंधारात. आरसीसीबी नसेल तर जास्त वाईट. पुढे कुठे अर्थिंगचा जोड सुटला तर त्या लाइनीवरच्या फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्याला करंट येतो. एमसीबी आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून प्लेट काढा आणि एन खाली हिरवी तार दिसली तर ते कनेक्शन वापरूच नका. वायरमनकडून न्यूट्रल ओढून घेईपर्यंत ए.सी. बंद राहिला तरी चालेल.

स्क्रीन चालू, पण आकडा खोटा

खोलीत गारठा आणि थर्मोस्टॅट म्हणतो २९. किंवा दर चार मिनिटांनी ए.सी. बंद-चालू. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर हवा. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर, टीव्हीच्या वर, ग्रिलच्या झोतात किंवा देवघरातल्या समईजवळ नको. जागा बरोबर असेल तर प्लेटमागच्या पाइपचं तोंड बघा. कन्सिल फिटिंगचा पाइप स्लॅबमधून येतो, आणि मे महिन्यात त्यातून गरम हवा थेट सेन्सरवर येत राहते. प्लेट काढून हात धरलात तर जाणवते. तोंडाला लांबी (पुट्टी) किंवा डक्ट सील दाबून बंद करा. आकड्यात फेरफार करायचं सेटिंग असतं, पण ते शेवटचं. आधी भोक बुजवा.

४३ डिग्रीत १८ लावून ‘थर्मोस्टॅट कटच होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी काही इलाज नाही. मशीन तिथं पोचणारच नाही. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलवाल्या रूम ए.सी.ला २४ हा मुळातला, चालू करताना आपोआप येणारा आकडा ठरवलाय. डक्टेबललाही त्याच्या आसपास लावून बघा.

वायफायचं थोडक्यात. स्क्रीन चालू आणि मोबाइलवर ऑफलाइन, हा वेगळा आजार, त्यात ए.सी. बंद पडत नाही, पडायला नको. बरेच थर्मोस्टॅट फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि राउटरनं दोन्ही बँडला एकच नाव दिलेलं असतं. २.४ ला वेगळं नाव द्या, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवा, थर्मोस्टॅटसाठी राउटरमध्ये आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राखून ठेवा.

घर अजून बांधकामात असेल तर

फिटिंगचे शेवटचे पैसे देण्याआधी माणसाकडून चार गोष्टी समोर करून घ्या: फ्लोट उचलून दाखवणं, ट्रेमध्ये पाणी ओतून धार दाखवणं, मेन पाडून पुन्हा चढवल्यावर कंप्रेसर किती मिनिटांनी लागतो ते दाखवणं, आणि आर-सीमधला आकडा संध्याकाळी मोजून बिलाच्या मागे लिहून देणं. हे करायला कां कूं करणारा नंतर फोन उचलत नाही.

प्लास्टर व्हायचं असेल तर थर्मोस्टॅटच्या जागेपर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप, त्यात आठ तारांची केबल आणि एक ओढतार मागा. २३० चा थर्मोस्टॅट बसवणार असाल तर त्या बॉक्समध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्ही वेगवेगळे हवेत. ड्रेनच्या आणि केबलच्या पाइपची दोन्ही तोंडं टेपनं बंद करून ठेवा, पीओपीवाला जाईपर्यंत उघडू नका. आणि भिंतीवर मोजपट्टी धरून, आकडे दिसतील असे, उघड्या पाइपचे फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी नवी तार ओढायची वेळ आली तर कुठे फोडायचं नाही हे तेच फोटो सांगतील.